हेलपाट्याचे मोल

१९७२ सालच्या १५ ऑगस्टला देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात काव्ये व नाटके रचणारे पंडितही होते. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्या आणि नाना वळणांची हस्ताक्षरे या साऱ्या गोंधळातून पत्र नेमक्या माणसाच्या हाती पडावे, मग तो माणूस राजधानीत राहो की अरण्यातल्या एखाद्या टोल्यावर, एवढा एकच हेतू त्या योजनेमागे होता. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, पुढचे दोन त्यातील पोटविभागाचे व वर्गवारीच्या जिल्ह्याचे, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे, अशी ती सुबोध रचना आहे. चंद्रपूर शहराला ४४२४०१ आणि गडचिरोलीला ४४२६०५ हे क्रमांक तिच्यातूनच मिळाले. आज अर्धशतक लोटल्यावर एटापल्लीकडचा एखादा शिक्षक मोबाईलच्या पडद्यावर वस्तू निवडतो, तिची किंमत पाहतो, नाव-गाव भरतो आणि अखेरीस हा क्रमांक लिहितो, तेव्हा ‘या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही’ अशी एक ओळ उमटते व व्यवहार तेथेच खुंटतो. गाव सापडावे म्हणून दिलेला क्रमांक गाव वगळण्याच्या कामी यावा, हे मला अतिशय विषादकारक वाटते.

याचे कारण शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला पाऊणशेच्या आसपास माणसे, आणि तीही घनदाट जंगलात, नदीनाल्यांच्या अल्याड-पल्याड विखुरलेली. रेल्वे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वडसा म्हणजे देसाईगंज येथे, तेवढी शिवून जाते. भामरागडाहून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरातला प्रवास पडतो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची वार्ता वर्षानुवर्षे वृत्तपत्रांच्या वाचकांच्या परिचयाची झालेली आहे. एका फेरीत शंभर पुडकी वाटता येतील असा मुलूख खाजगी कुरिअरवाल्याला परवडतो, तीन पुडक्यांसाठी तीस किलोमीटर जाणे त्याला परवडत नाही; म्हणून तो तालुक्याच्या ठिकाणी थांबतो, आणि आलेली वस्तू घेऊन जाण्याचा निरोप ग्राहकाला फोनवर धाडतो. सरकारी टपाल मात्र ग्रामीण डाकसेवकाच्या सायकलीवरून आजही पुढे जाते, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे.

वस्तू आणि ती वापरणारा माणूस यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कोणाला तरी चालून तोडावेच लागते. हे चालणे पूर्वी बव्हंशी व्यापाऱ्याकडे होते. आठवडी बाजाराची सारी व्यवस्था त्यावरच उभी आहे: मीठ, सुकट, झिंगे, कापडचोपड, बांगड्या, अॅल्युमिनियमची भांडी असा माल गाडीत घालून व्यापारी आज या गावी तर उद्या त्या गावी येतो, आणि भोवतालच्या दहा-पंधरा खेड्यांतली माणसे मोहफुले, चारोळी, चिंच, डिंक घेऊन तेथे उतरतात. सकाळी विकणारा माणूस दुपारी खरेदी करणारा होतो. या बाजारात सर्व काही न्यायाचे होते असे मुळीच नाही. मिठाच्या मोबदल्यात चारोळी घेण्याची जी जुनी रीत या भागात होती, तिने कित्येक पिढ्यांना नागविले. त्या अन्यायाचे स्वरूप मात्र उघड होते, डोळ्यांना दिसणारे होते, आणि मापाला माप लावून त्याचा प्रतिकार करता येत होता. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने देशात आली, पायली-कुडवाच्या जोडीला किलो आला, आणि आता इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्या काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटविली जावी असा नियम आहे. माल ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार मोहफुले विकणाऱ्या बाईलाही आहे. तिने तो बजावावा, आणि कोणी वाकडे तोंड केले तरी बजावावा.

गेल्या काही वर्षांत जी यंत्रे खरेदीविक्रीच्या मध्ये येऊन बसली आहेत, त्यांनी हे अंतर मिटविले असा आपला समज असतो. शहरात ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु या अरण्यप्रदेशात बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, अंतर होते तेवढेच राहिले असून ते तोडण्याचा भार तेवढा विक्रेत्याच्या, कंपनीच्या किंवा सरकारच्या अंगावरून उतरून ग्राहकाच्या पायांवर आला आहे. आणि हा भार कोणत्याही पावतीवर, कोणत्याही हिशेबात लिहिला जात नाही.

याचा सर्वांत ठळक दाखला रास्त भाव दुकानात, ज्याला आपल्याकडे लोक आजही ‘कंट्रोल’ म्हणतात तेथे, पाहावयास मिळतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला व महाराष्ट्रात त्याचा अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क त्याने दिला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. त्यात भ्रष्टाचार होऊ नये, खोट्या नावांवर धान्य उचलले जाऊ नये, या सद्हेतूने दुकानात ई-पॉस यंत्र आले. हेतूविषयी माझा आक्षेप नाही. शिधापत्रिकेवर मयतांची नावे चालवून धान्य परस्पर काळ्या बाजारात नेल्याचे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या यंत्राची आवश्यकता सांगावी लागणार नाही. परंतु त्या यंत्राला दोन गोष्टी लागतात, एक रेंज आणि दुसरा अंगठा, आणि नेमक्या याच दोन गोष्टी या भागात बेभरवशाच्या आहेत.

रेंजचे पाहा. यंत्रावर अंगठा ठेवला म्हणजे त्याचा ठसा दूरच्या केंद्रातील नोंदीशी ताडला जातो, तेथून होकार आला की यंत्र पावती काढते, आणि मग धान्य मापले जाते. हा होकार यावयाचा तो मोबाईलच्या जाळ्यातून. जेथे जाळे नाही तेथे दुकानदार यंत्र घेऊन गावाबाहेरच्या चढावर जातो, गावकरी त्याच्यामागे जातात, अंगठे तेथे लागतात, आणि धान्य घेण्यासाठी सर्वांना पुन्हा दुकानात यावे लागते. कित्येकदा रेंज असते पण ‘सर्व्हर डाऊन’ असतो. मग उद्या या, परवा या. आठ किलोमीटर चालत आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे म्हणजे त्याच्या एका दिवसाची मजुरी काढून घेणे होय, हे त्या यंत्राची आखणी करणाराच्या ध्यानात आले नसावे.

अंगठ्याची गोष्ट याहून हृदयाला भिडणारी आहे. धानाची रोवणी करणारे हात चिखलात तासन् तास बुडालेले असतात. बांबू तोडणारे, मोळी बांधणारे, उन्हाळ्यात तेंदूची पाने खुडून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधणारे हात खरबरीत होतात, त्यांच्या बोटांवरच्या सूक्ष्म रेषा झिजतात, कातडीला भेगा पडतात. ठसा वाचणारी काच या रेषांमधील उंचसखलपणावरच अवलंबून असते. रेषा झिजली की यंत्राला तो माणूस ओळखू येत नाही, मग दुकानदार त्याला पिढ्यान् पिढ्या ओळखत का असेना. मी पाहिले आहे ते असे: म्हातारी आधी पदराला बोट पुसते, नंतर ओल्या फडक्याला, आणि तरीही लाल दिवा लागला की डोक्यावरून हात फिरवून केसांच्या तेलाने बोट किंचित ओले करते, मग डाव्या हाताचा अंगठा, मग मधले बोट, अशी एकेक करून सगळी बोटे काचेवर टेकविली जातात, मागची रांग गप्प उभी असते, आणि आयुष्यभर ज्या श्रमाने तिने घर चालविले तोच श्रम तिच्या ओळखीच्या आड येऊन उभा राहतो. आधार क्रमांकाचा देशातील प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला होता. ज्यांच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही अशांना ओळख मिळावी, हे आश्वासन त्यासमयी देण्यात आले होते, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे.

आणि कायदा या बाबतीत मुका नाही. अंगठा लागला नाही किंवा जाळे मिळाले नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही धान्य नाकारू नये, अपवाद म्हणून स्वतंत्र वहीत नोंद करून ते द्यावे, असा केंद्र सरकारचा हुकूम ऑक्टोबर २०१७ पासूनचा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात ठसा न जुळल्यामुळे कोणी लाभापासून वंचित राहू नये, ही चिंता नमूद केली. डोळ्याच्या बुबुळावरून अथवा मोबाईलवर आलेल्या ओटीपीवरून ओळख पटविण्याच्याही सोयी आहेत. इतकेच काय, हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमातच आहे. हे सर्व दुकानाच्या भिंतीवर मराठीत, आणि जेथे माडिया, गोंडी, छत्तीसगढी, तेलुगू किंवा बंगाली बोलली जाते तेथे त्या-त्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. कारण ज्या हक्काची वार्ता हक्कदाराला नाही, तो हक्क दप्तरातच राहतो. याच शासनयंत्रणेने पावसाळ्यात मार्ग बंद होणाऱ्या गावांत चार महिन्यांचे धान्य आधीच पोहोचविण्याची पद्धत नवसंजीवन योजनेखाली वर्षानुवर्षे चालविली आहे. पुराचा अंदाज घेऊन जी दूरदृष्टी दाखविली जाते, तीच रेंजच्या बाबतीत दाखविण्यास काय हरकत असावी?

खाजगी कंपन्यांच्या व्यवहाराकडे वळले म्हणजे हाच भार निराळ्या रूपांत दिसतो. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह छापलेली असते, आणि तिच्याहून एक पैसाही अधिक घेणे हा २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे अपराध आहे. तरी दूरच्या फाट्यावर थंड पेयाच्या बाटलीमागे ‘थंड करण्याचे’ म्हणून दोन-पाच रुपये जास्त मागितले जातात. मला त्या टपरीवाल्याचा राग येत नाही. आलापल्लीहून माल आणण्याचे भाडे त्याला कोणी दिलेले नसते. छापलेल्या किमतीत नागपूरच्या दुकानदाराला जेवढा नफा सुटतो तेवढाच भामरागडच्या दुकानदाराला सुटावा, एवढी व्यवस्था वस्तू बनविणाऱ्याने केली पाहिजे. तो देशभर एकच किंमत छापतो, तर देशभर ती पोहोचविण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

हमीच्या वस्तूंचे दुखणे याहून जुनाट. मिक्सर, पंखा, मोबाईल, दूरदर्शन संच यांच्याबरोबर वर्ष-दोन वर्षांचे हमीपत्र येते, पण दुरुस्तीचे केंद्र चंद्रपुरास, फार तर नागपुरास असते. बाराशे रुपयांच्या वस्तूसाठी दोन वेळा नागपूरला जाणे म्हणजे वस्तूच्या निम्म्याहून अधिक किमतीचे बसभाडे आणि बुडालेले दिवस. म्हणून माणूस हमीचा नाद सोडतो व गावातल्या हरहुन्नरी मुलाकडून ती दुरुस्त करून घेतो, आणि ‘अनधिकृत व्यक्तीने उघडली’ या सबबीवर उरलीसुरली हमीही संपते. त्यात पावतीची एक वेगळीच आपत्ती आहे. हल्ली दुकानांतून जी गुळगुळीत कागदाची पावती मिळते, तिच्यावर शाईने छापलेले काहीच नसते. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्राचा तापलेला भाग त्यावर अक्षरे उमटवितो. असा कागद उष्णता, तेल, प्लास्टिकचे पाकीट यांच्या सान्निध्यात पांढरा पडतो किंवा सबंध काळवंडतो. जेथे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो त्या चंद्रपुरात, पत्र्याच्या घरातल्या पेटीत ठेवलेली अशी पावती वर्षाअखेर वाचता येईल याची शाश्वती नाही. आणि हमीसाठी कंपनी मागते ती पावतीच. माझ्या एका दुरुस्तीच्या मागणीला एका कंपनीने कोऱ्या झालेल्या पावतीचेच कारण देऊन नकार दिला होता. वाचकांनी घरी येताच पावतीची झेरॉक्स काढावी, निदान मोबाईलने तिचे छायाचित्र घ्यावे, आणि दुकानदाराने हमीपत्रावर तारीख, शिक्का व स्वाक्षरी द्यावी असा आग्रह धरावा.

विलंबाचे मोल ठरविताच येत नाही, अशी सबब मात्र कोणी सांगू नये, कारण एका क्षेत्रात ते ठरलेले आहे. मोबाईलवरून पैसे दिले, आपल्या खात्यातून रक्कम गेली, पण रेंज तुटल्यामुळे दुकानदाराच्या खात्यात पोहोचली नाही, असा प्रसंग या भागात नेहमीचा. अशा वेळी व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा झाली पाहिजे, आणि त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, ग्राहकाने तक्रार केलेली नसतानाही, बँकेने आपण होऊन दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बजाविले आहे. पैशाच्या विलंबाला दिवसाचे १०० रुपये मोल असेल, तर माणसाच्या फुकट गेलेल्या दिवसाला काहीच मोल नसावे, हे न्यायाला धरून नाही. हमीतली वस्तू ठरल्या मुदतीत ग्राहकाच्या गावी दुरुस्त न झाल्यास, ई-पॉस यंत्र बंद असल्यामुळे शिधापत्रिकाधारकाला परत जावे लागल्यास, त्या प्रत्येक फेरीची नोंद व्हावी आणि तिचा मोबदला ठरलेल्या दराने मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राहकाच्या हाती आज जी साधने आहेत ती थोडी नाहीत. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहून एकत्र खरेदीची चळवळ तिने चालविली, आणि १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्यातील एक तरतूद अरण्यप्रदेशाला वरदान ठरावी अशी आहे: ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला फिर्याद करता येते. पूर्वी कंपनीची कचेरी वा शाखा जेथे असेल, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथे धाव घ्यावी लागे. आता बंगळुरूच्या कंपनीला गडचिरोलीत येऊन उत्तर द्यावे लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार ४८ तासांत पोहोचल्याचे कळवावे व महिन्याभरात निवारण करावे, असेही २०२० चे नियम सांगतात. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे.

या साधनांचा उपयोग एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने करावा, अशी माझी विनंती आहे, आणि ती करण्याला आधार आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्रस्थापित केला, आणि त्यानंतर या जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभांनी तेंदू व बांबूचे लिलाव स्वतः करून हिशेब स्वतः ठेवले. जी ग्रामसभा व्यापाऱ्याशी पुड्याचा भाव ठरवू शकते, ती आपल्या गावच्या कंट्रोलमध्ये महिन्यात किती माणसे रिकाम्या हाती परतली याची वही ठेवू शकते, आणि समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना एकत्र फिर्याद करण्याची जी मुभा ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमात आहे, तिचा लाभही मिळवून देऊ शकते.

एक मागणी शासनाकडे. गडचिरोलीचा जिल्हा ग्राहक आयोग जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील ग्राहकाला तेथवर येणे हाच आणखी एक हेलपाटा होतो. एका जिल्ह्यात एकाहून अधिक आयोग स्थापण्याचा अधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे. दक्षिण गडचिरोलीसाठी अहेरी येथे दुसरा आयोग स्थापन करावा, आणि तसे होईपर्यंत तेथे व्हिडिओद्वारे सुनावणीची सोय असलेली एक खोली व एक मराठी-माडिया जाणणारा कारकून तरी द्यावा. दक्षिणेकडील ग्रामसभांनी येत्या बैठकीत तसा ठराव मंजूर करून त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.